सकाळचा पाय

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘कारखाना’ असं लिहिलंय. आत येऊन बघाल तर दोन शिलाई मशीन, एक लांब टेबल, चामड्याच्या तुकड्यांची लाकडी पेटी आणि खिडकीशी बाबांची खुर्ची. खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्यांच्या तीन रांगा आहेत आणि जवळजवळ प्रत्येक खिळ्याला एक दोरी लटकते. एक दोरी म्हणजे एक घोडा. बाबांनी मापाची टेप कधी हातात धरली नाही. खोगिराचं असो, पट्ट्याचं असो, माप घ्यायचं ते मेण लावलेल्या दोरीने, आणि जिथे माप संपेल तिथे गाठ. दोरीच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर घोड्याचं नाव.

घोडा विकला गेला तरी त्याची दोरी भिंतीवरच राहते. घोडा मेला की मात्र त्याची निगा राखणारा माणूस येतो, खिळ्यावरची दोरी उतरवतो, आमच्या टेबलाशी बसून एकेक गाठ सोडतो आणि मोकळी झालेली दोरी बाबांच्या हातात देतो. ती पुढच्या घोड्याला लागते. ही पद्धत कोणी पाडली ते बाबांनाही ठाऊक नाही. लहानपणी मी टेबलाखाली बसून दांडगट माणसांना गाठी सोडता सोडता रडताना पाहिलंय. तेव्हा मला ते विचित्र वाटायचं.

मी या खोलीत वाढले खरी, पण काम शिकले दुसरीकडे. वीस वर्षं तयार कपड्यांच्या कंपनीत गणवेश शिवले. तिथे छत्तीस म्हणजे छत्तीस. सकाळीही छत्तीस आणि संध्याकाळीही छत्तीसच. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एका डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्याचं जेमतेम, आणि मी नोकरी सोडून परत आले. माप आणि कापणं त्यांच्याकडे, शिवणं माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

माझा स्वभाव घाईचा. हातातलं काम संपेपर्यंत मला चैन पडत नाही आणि दुसऱ्याच्या हातात रेंगाळलेलं बघवत नाही. बाबांचं तेव्हा अधूनमधून चुकायला लागलं होतं. एकदा लगामाचा एकच पट्टा दोनदा कापला. एकदा कात्री खिशात ठेवून तासभर घर डोक्यावर घेतलं. मग मी त्यांच्या खुणा तपासायला लागले आणि जिथे पटेना तिथे गुपचूप दुरुस्त करायला लागले. त्यांना सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं, असं मी स्वतःला समजावत असे. खरं कारण एवढंच की सांगत बसायला वेळ जातो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी मोतद्दार आला. मोतद्दार म्हणजे जवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत घोड्यांची निगा राखणारा. तीस वर्षं तिथेच आहे. त्याच्या हातात जाळीची एक चिंधी होती. ती त्याने टेबलावर टाकली.

“बघा काका, हे विकतचे जाळीचे मोजे. चार दिवसांत ही दशा.”

जाळीचे मोजे हे आमच्याकडचं नाव. त्यांना तळ नसतो. घोड्याच्या गुडघ्याखालपासून खुरावरच्या सांध्यापर्यंत पायाभोवती गुंडाळायची जाळी, म्हणजे माशा पायावर बसत नाहीत. वर आणि खाली मऊ लोकरी अस्तराची पट्टी, जाळी कोसळू नये म्हणून तीन-चार उभ्या काड्या, आणि बाहेरच्या अंगाला वेल्क्रो. ऐकायला सोपं वाटतं. पण ढिला झाला तर मोजा घसरतो आणि माशी वरून आत शिरते. मग तिलाही बाहेर पडता येत नाही आणि घोड्यालाही तिला हाकलता येत नाही. त्यापेक्षा उघडा पाय बरा.

“पहिल्या दिवशी झकास,” मोतद्दार सांगत होता. “दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर घसरून खुराशी. वर ओढले, परत खाली. वेल्क्रोत गवत भरलं, आता चिकटायचं नाव नाही. आणि ही काडी बघा, जाळी फाडून बाहेर आली. तिलाच टोचली.”

“कोणाला घातले होतेस?” बाबांनी विचारलं.

“मावशीला.”

माझं मशीन थांबलं. मावशी ही शाळेतली सगळ्यात म्हातारी घोडी. पुठ्ठ्यावर तिचं दुसरं, ऐटदार नाव आहे, पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी ऐकली नाही. लहान मुलांना पहिल्यांदा बसवायचं ते मावशीच्याच पाठीवर. माझी भाचीही तिथेच शिकली. पोर कलंडायला लागलं की मावशी आपोआप थांबायची, मान वळवून बघायची, आणि पोर सावरून बसलं की मगच पाऊल टाकायची. बिस्कीट दाखवल्याशिवाय वळायची नाही हा तिचा एकच दुर्गुण.

“पत्र्याला घासून पुढच्या डाव्या पायाला जखम झालीय,” मोतद्दार म्हणाला. “नळीवर, एवढी. पट्टी बांधली तर दाताने काढून टाकते. उघडी ठेवली तर माशा. माशा बसल्या की पाय आपटते, दिवसभर आपटते, आणि आपटला की जखम परत उघडते. डॉक्टर महिन्याने येणार आहेत. तोवर जखम मिटली, पायावर भार देऊन उभी राहिली तर ठीक. नाहीतर म्हणाले, या वयात तिला असं ओढत ठेवण्यात अर्थ नाही.”

शेवटचं वाक्य तो जमिनीकडे बघत बोलला. अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

“महिनाभर माशी बसू द्यायची नाही, एवढंच करायचंय,” तो म्हणाला. “एवढंच काका.”

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच्या चाऱ्याच्या गाडीत बसून शाळेत गेले आणि परत आले ते दुपारी दीड वाजता, सदऱ्याच्या बाहीवर घोड्याचे केस घेऊन. मी भडकले होते.

“अर्धा दिवस! एका पायाच्या मापाला!”

“सकाळचा पाय बघायचा होता,” ते म्हणाले.

“सकाळचा काय आणि दुपारचा काय, पाय तोच ना?”

“असं म्हणतेस?” एवढंच बोलून ते हात धुवायला गेले. समजावून सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. दोरी बघितली की माणसाला कळतं, अशी त्यांची समजूत.

दोरी मी बघितली. लांबीची गाठ बरोबर होती, सांध्याजवळच्या घेराची बरोबर होती. गुडघ्याखालच्या घेराला मात्र दोन गाठी होत्या, एकमेकींपासून अंगठाभर अंतरावर. वरच्या पट्टीवर खडूच्याही दोन खुणा. शिवाय वेल्क्रोचा एक तुकडा जास्तीचा कापून ठेवलेला. मी मनात म्हटलं, झालं. एक गाठ मारली, विसरले, परत मारली. पायाला दोन घेर कसे असतील?

“घाई करू नकोस,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “पट्टीवरच्या खुणा नीट बघून घे.”

“बघितल्या,” मी म्हटलं.

दोन मापांतलं कोणतं घ्यायचं याचा मी फार विचार केला नाही. विकतचा मोजा घसरतो हीच तर तक्रार होती, तेव्हा लहान माप घेतलं. मोठ्या मापाची खूण हाताने झटकून पुसली. जास्तीचा तुकडा पेटीत टाकला.

शिवणीबद्दल मात्र मला कोणी बोलू नये. वेल्क्रोला चौकोनी शिवण घालून आत फुली मारली, तीही दुहेरी. काड्यांच्या टोकांना चामड्याच्या टोप्या बसवल्या म्हणजे त्या जाळी फाडून बाहेर यायच्या नाहीत. अस्तराची शिवण बाहेरून घेतली म्हणजे कातडीला काचणार नाही. गुंतलेलं गवत झटकलं की निघून जाईल असा जाड दातांचा वेल्क्रो मुद्दाम शोधून आणला. बैलजोडीने ओढला तरी सुटणार नाही, असं मी मोतद्दाराला अभिमानाने सांगितलं. ते खरंच होतं.

मोजे कागदात गुंडाळताना बाबांनी विचारलं, “दोन्ही ठेवलंस ना?”

“हो हो, सगळं ठेवलंय,” मी म्हटलं. कशाबद्दल विचारत होते तेही मी विचारलं नाही. दुसरं काम सुईखाली आलेलं होतं.

पहिले दहा-बारा दिवस आनंदाचे गेले. मोतद्दार येता-जाता दारातून डोकावून बातमी द्यायचा. मावशीने पाय आपटणं सोडलं. मावशी दुपारी उभ्या उभ्या घोरली. जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या. “ताई, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे,” तो म्हणाला. मी वरवर हसले, पण मनातून फुलून गेले होते.

मग उकाडा वाढला. उजाडायच्या आत माशा घोंगावायला लागल्या, आणि मोतद्दार पोहोचेपर्यंत मावशी तासभर पाय आपटत असायची. त्याने बाबांना विचारलं, “सकाळी फिरवून आणली की मोजे घालतो आणि संध्याकाळी काढतो, ते रात्री तसेच राहू दिले तर चालतील?”

“चालतील. रात्री ढिला लाव एवढं लक्षात ठेव. त्याला जागा ठेवलीय.”

“बरं काका.”

माझं मशीन चालू होतं. ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. ऐकू आलं, आणि डोक्यावरून गेलं.

दोन दिवसांनी सकाळीच मोतद्दार आला. आत न येता उंबऱ्यावरच बसला. डावा मोजा त्याच्या मांडीवर होता.

“पाय सुजलाय,” तो म्हणाला. “वरची पट्टी रुतली. काढली तर कातडीवर सभोवार वळ. खाली सगळा पाय फुगला आणि जखम फाटली. जेवढी भरली होती तेवढी सगळी उलटली. काका, तुम्ही ढिलं लाव म्हणाला होतात. मी घट्ट बांधलं. आपल्याला वाटतं ढिलं आहे, पण हाताला सवय आवळायची.”

“विकतचा असता तर सुटला असता,” मी बोलून गेले.

“हा कसा सुटेल? हा पक्का आहे.” त्यात टोमणा नव्हता. तो माझं कौतुकच करत होता.

बाबांनी हात पुढे केला. मोजा त्यांनी डोळ्यांशी नेला नाही, बोटांनी वाचला. वरच्या पट्टीवरून अंगठा फिरला, वेल्क्रोवर थांबला, पुढे सरकला, परत मागे आला. दुसरा वेल्क्रो जिथे असायला हवा तिथे नुसतं कापड होतं. तिथे त्यांचा अंगठा बराच वेळ राहिला.

“तुझं नाही चुकलं,” ते मोतद्दाराला म्हणाले. “माझं चुकलं असेल.”

“तुमचं कसं चुकेल काका? हात माझा होता.”

“नाही रे. मापात काहीतरी राहिलं माझ्याकडून.”

दोघेही अशी चूक आपल्याकडे ओढत होते आणि मी मशीनशी बसून पायाखालच्या फळीकडे बघत होते. काय घडलं ते मला अजून पुरतं कळलं नव्हतं, पण खडूची खूण पुसलेला हात कोणाचा ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी सुईत दोरा ओवायला घेतला. मोतद्दार उठून गेला.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, “एक विचारतो, खरं सांग. पट्टीवर मी दोन खुणा केल्या होत्या की नव्हत्या? मला केल्यासारखं आठवतंय. पण आता माझा मला भरवसा नाही.”

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. रस्ता चुकलेला माणूस अनोळख्याला विचारतो, तसं ते मला विचारत होते.

“केल्या होत्या,” मी म्हटलं. “मी एक पुसली.”

“आणि जास्तीचा वेल्क्रो?”

“पेटीत आहे.”

मग ते म्हणाले, “त्या तांबड्या घोड्याच्या पोटपट्ट्याला मी पाच भोकं आखली होती. पट्टा तयार झाला तेव्हा चार होती.”

“तेही मीच.”

“आणि खोगिराखालच्या गादीची एक बाजू?”

“हो बाबा.”

“मी आपला समजत होतो, आपण आखायचं विसरतोय,” ते म्हणाले. “वर्षभर असंच वाटतंय. चार महिन्यांपासून मी कापायला हातच लावत नाही फारसा. म्हटलं, उगीच कोणाच्या घोड्याला इजा व्हायची.”

ते थकलेत म्हणून काम कमी करतायत, असं मी धरून चालले होते. थकले नव्हते. मी त्यांना त्यांच्याच हातांची भीती घातली होती, गणवेश शिवणाऱ्या बाईच्या घाईने, एक शब्दही न बोलता. त्या क्षणी मला माझी शरम वाटली.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला समजावून सांगितलं. घोडा रात्रभर ठाणावर उभा असतो. चालणं नाही, म्हणून पायांत पाणी उतरतं. म्हाताऱ्या घोड्याच्या आणि दुखऱ्या पायात तर जास्तच. सकाळी पाय भरलेला असतो. अर्धा-पाऊण तास फिरवला की उतरतो. म्हणून एक गाठ सकाळच्या पायाची, भरलेल्या. आणि एक फिरवून आणल्यानंतरच्या पायाची. मोजा सकाळच्या पायाला पुरला पाहिजे आणि दुपारच्या पायावर आवळता आला पाहिजे. त्यासाठी वेल्क्रो दोन जागी.

मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. पायाचं माप असलेल्या चौदा-पंधरा दोऱ्या होत्या. प्रत्येकीला गुडघ्याखालच्या जागी दोन गाठी, अंगठाभर अंतरावर. आल्यापासून मी दर आठवड्याला त्या भिंतीवरची धूळ झटकत होते.

“मोतद्दाराला सांग,” बाबा म्हणाले. “तो स्वतःला खात बसेल.”

“सांगते.”

नवा जोड आम्ही त्याच दिवशी केला. बाबांनी कापला, मी शिवला, आणि प्रत्येक खुणेला मी विचारलं. दुपार कलल्यावर मी तो घेऊन शाळेत गेले.

मावशी ठाणावर मान खाली घालून उभी होती. डाव्या पायाचं फक्त टोक जमिनीला टेकलेलं. गुडघ्याखाली वळ दिसत होता, सरळ आणि काटेकोर, माझ्या शिवणीसारखा. मोतद्दार तिच्या पुढ्यात बादली उलटी ठेवून बसला होता आणि ओल्या फडक्याने माशा वारत होता. त्याने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

“दादा,” मी म्हटलं.

“ताई, तुम्हीच बांधा,” तो उठत म्हणाला. “मला हात लावायचा धीर होत नाही. इथे मी आता कुठल्याच घोड्याचा पट्टा आवळत नाहीये. दुसऱ्याला सांगतो.”

मी खाली बसले. जखमेला लागू न देता जाळी गुंडाळली, वरची पट्टी मोठ्या मापाच्या वेल्क्रोवर लावली, आत दोन बोटं घालून बघितली. मावशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, पोरं सावरून बसली की नाही ते बघायची तशी. तेव्हा मी सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण मोतद्दार वाकून माझे हात बघत होता आणि म्हणाला, “असं ढिलं लावायचं होतं. एवढं साधं मला जमलं नाही.” मी उठले, हात झटकले आणि उद्या सांगू असं ठरवून घरी आले.

असे सतरा उद्या गेले. बाबांनी दोनदा विचारलं, सांगितलंस का. एकदा मी म्हटलं, तो भेटला नाही. दुसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही, आणि त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

नवा जोड उत्तम बसला. सकाळी पुरायचा, दुपारी आवळायचा, घसरायचा नाही. माशी आत गेली नाही. पण जखमेला तिचे पंधरा दिवस परत मिळाले नाहीत. डॉक्टर ठरल्या दिवशी आले, पाय उचलून बघितला, तिला चार पावलं चालवली. पाचवं तिने टाकलं नाही. सकाळी अकरा वाजता ते झालं. शाळेने मुलांना त्या दिवशी सुट्टी दिली होती.

पाच-सहा दिवसांनी मोतद्दार आला. दाढी वाढलेली. टेबलावर त्याने दुसरा जोड ठेवला, धुऊन, वाळवून, घडी घालून.

“बघा, एक टाका उसवला नाही,” तो म्हणाला. “जाळीला भोक नाही. दुसऱ्या कोणाला तरी होतील.”

मी तो जोड हातात घेतला आणि परत खाली ठेवला. माझं काम तिच्यापेक्षा जास्त टिकलं होतं.

त्याने भिंतीवरची दोरी शोधली, उतरवली आणि टेबलाशी बसला. पुठ्ठा सोडवून खिशात ठेवला. मग एकेक गाठ. पाठीची. छातीची. मेणाने घट्ट झालेल्या गाठी त्याच्या जाड बोटांना दाद देत नव्हत्या, तरी तो दात लावत नव्हता; नखाने हळूहळू सैल करत होता. पायाच्या लांबीची सुटली. सांध्याची सुटली. मग तो थांबला.

“काका, इथे दोन आहेत,” तो म्हणाला. “ही दुसरी कशाची?”

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी माझ्यासाठी जागा ठेवली होती.

“एक सकाळच्या पायाची,” मी म्हटलं. “रात्री पाय भरतो, त्याची. दुसरी दुपारच्या पायाची. पहिल्या जोडात दोन जागी वेल्क्रो लावायचा होता. बाबांनी आखून दिला होता. मला वाटलं, ते चुकलेत. मी एकच लावला, दुपारचा. तुम्ही कितीही ढिलं लावलं असतंत तरी सकाळी तो रुतणारच होता, दादा. त्यात ढिलं लावायला जागाच नव्हती.”

मोतद्दार हातातल्या दोरीकडे बघत राहिला. मग त्याने उजवा हात उताणा केला, पालथा केला.

“म्हणजे मी घट्ट बांधलं नव्हतं.”

“नाही.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. तुम्ही उंबऱ्यावरून उठून गेलात, तेव्हाच.”

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

“डॉक्टर सुई भरत होते ना ताई, तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं,” तो म्हणाला. “अर्धा तास होतो मी तिच्यापाशी. सगळा वेळ तिची माफी मागत होतो. मी बांधलं, मला माफ कर, मी बांधलं, एवढंच. माहीत असतं तर दुसरं काहीतरी बोललो असतो मी तिच्याशी.”

त्याने दोरी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. बाकीची मोकळी झाली होती, त्या दोन गाठी तेवढ्या राहिल्या होत्या.

“या तुम्ही सोडा,” तो म्हणाला, आणि गेला नाही, समोर बसून राहिला.

मी सोडायला घेतल्या. बाबांनी मारलेल्या गाठी सहज सुटत नाहीत. पहिलीलाच माझं नख मोडलं. बाबांनी खिडकीवरची नजर काढून माझ्या हातांकडे वळवली, पण मदतीला कोणीच आलं नाही, आणि मीही मागितली नाही. दोन्ही गाठी सुटल्या तेव्हा मोकळी दोरी मी बाबांच्या हातात दिली.